निळ्या गोळीतला दुसरा पदार्थ

सहावी ते बारावीच्या वर्गांवर शिकवणाऱ्या बहुतेकांच्या कामात आठवड्यातून एकदा निळ्या गोळीची भर पडलेली आहे. दुपारच्या जेवणानंतर मुलांना ओळीत बसवायचे, गोळी आपल्यासमोर गिळायला लावायची आणि नोंदवहीत खूण करायची. "ही गोळी कशाची?" असे विचारले की मुले एका सुरात "लोहाची" म्हणतात, आपणही बहुधा तेवढेच सांगतो. पाकिटावर मात्र दोन नावे छापलेली असतात : ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. म्हणजे हा दुसरा पदार्थ लोहाच्या एकशेविसाव्या भागाइतकाच. मुले त्याचे नाव विसरतात यात नवल नाही. पण त्याच्या शोधाची सुरुवात मुंबईत झाली, गरीब गरोदर बायांच्या रक्तावरून. आणि पुढे तो शोध बाळाचा मेंदू कसा घडतो, आपल्या आतड्यातले जीवाणू कोणासाठी राबतात, अशा दूरच्या प्रश्नांपाशी जाऊन पोहोचला. तो अजून संपलेला नाही.

१९२० च्या दशकात आपल्याकडे बाळंतपणात दगावणाऱ्या बायांचे प्रमाण फार मोठे होते. त्याची कारणे शोधण्यासाठी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने (आजच्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे हे जुने रूप) एक चौकशी सुरू केली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये हे काम चाले आणि डॉ. मार्गारेट बाल्फर त्यात पुढाकार घेत होत्या. त्यांच्या बोलावण्यावरून १९२८ मध्ये लुसी विल्स मुंबईत आल्या.

विल्स तेव्हा चाळीस वर्षांच्या होत्या. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकल्या होत्या. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत काही काळ शुश्रूषेचे काम केल्यावर त्या वैद्यकाकडे वळल्या आणि १९२० मध्ये लंडनमध्ये डॉक्टर झाल्या. दवाखाना मात्र त्यांनी थाटला नाही. प्रयोगशाळेतले संशोधन आणि शिकवणे हेच त्यांचे काम राहिले.

मुंबईत त्यांच्यापुढे आलेला आजार असा होता. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बाई फिकट पडे, धाप लागे, अंगावर सूज येई, आणि अनेकदा बाळंतपणात किंवा त्यानंतर लगेच ती दगावे. रक्त तपासले तर लाल पेशी फार थोड्या. पण एकेक पेशी नेहमीपेक्षा मोठी. ही खूण महत्त्वाची आहे. लोह कमी पडले तर लाल पेशी लहान आणि फिक्या होतात. इथे उलटे होते. मोठ्या पेशींचा असा रक्तक्षय युरोप-अमेरिकेत 'पर्निशस अ‍ॅनिमिया' या नावाने माहीत होता आणि तो प्राणघातक समजला जाई. १९२६ मध्ये मायनॉट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी रोज भरपूर यकृत खायला घालून असे रोगी बरे करून दाखवले होते. (पुढे १९३४ मध्ये त्यांना व्हिपल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.) पण मुंबईतल्या रुग्ण बहुतेक गरीब घरांतल्या, त्यांत कापडधंद्यात राबणाऱ्या अनेक. त्यांना रोज कलेजी कुठून परवडणार? शिवाय जी बाई मांस खातच नाही तिचे काय?

विल्स यांनी आधी जंतूंवर संशय घेतला. तो काळच जंतूंचा होता, आणि आतड्यात काहीतरी विष तयार होऊन रक्तक्षय होतो असे मानणारे डॉक्टर पुष्कळ होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी मेहता यांनी रुग्णांचे रक्त, लघवी, शौच तपासून पाहिले. आतड्यातल्या जीवाणूंमध्ये गुन्हेगार सापडतो का ते पाहिले. सापडला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवू. हे जीवाणू पुढे पुन्हा भेटणार आहेत, आणि तेव्हा ते आरोपी नसतील.

मग चौकशी स्वयंपाकघराकडे वळली. एस. एन. तळपदे यांच्यासह विल्स यांनी मुंबईतल्या वेगवेगळ्या थरांतल्या बायांचा आहार आणि राहणी यांची पाहणी केली, ती १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. (तळपदे यांनी त्याच वर्षी बाल्फर यांच्याबरोबर गिरणीकामगार बायांच्या बाळंतपणाविषयीही लिहिले. त्याच्या एक वर्ष आधी मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला होता. तो देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा.) या पाहणीत आहार आणि आजार यांचे नाते उघड दिसले. ज्यांच्या जेवणात पांढरा तांदूळ आणि पाव यांच्यापलीकडे फारसे काही नसे, भाजी, फळे, दूध जवळजवळ नसे, त्यांच्यात हा रक्तक्षय अधिक होता. गरीब मुसलमान बायांचा आहार सर्वांत निकस आणि त्यांच्यातच आजार सर्वांत जास्त. सधन बायांमध्ये तो क्वचितच आढळे.

आता प्रयोग. विल्स यांनी पांढऱ्या उंदरांच्या गाभण माद्यांना हाच निकस आहार दिला. उंदरांना रक्तक्षय झाला, पिले होण्याआधी ते मेले. आहारात यीस्ट मिसळले की ते वाचत. झाले, प्रश्न सुटला असे वाटण्याजोगी ही अवस्था. पण मग लक्षात आले की या उंदरांना बार्टोनेला नावाच्या जंतूचा संसर्ग आहे आणि तो उवांमधून पसरतो. उवा काढून टाकल्यावर आधीच्या निष्कर्षांतला बराच भाग कोलमडला. आम्हाला हा प्रसंग फार बोलका वाटतो. पाठ्यपुस्तकातले प्रयोग नेहमी यशस्वी होतात. प्रत्यक्षात उत्तर बरोबर असूनही पुरावा खोटा निघू शकतो. विल्स यांनी उत्तर न सोडता पुरावा बदलला. त्या माकडांकडे वळल्या. दरम्यान १९२९ मध्ये काही महिने कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आणि १९३१ च्या सुरुवातीला मद्रासच्या बायकांच्या रुग्णालयातही त्यांचे काम चालू राहिले.

निकस आहारावरच्या एका अगदी खंगलेल्या माकडाला त्यांनी मार्माइट दिले. मार्माइट म्हणजे दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टचा अर्क. इंग्लंडात १९०२ पासून तो बरणीत भरून विकला जात असे आणि लोक पावाला लावून खात. काळपट, खारट, चिकट; चवीबद्दल मतभेद आहेत. तो स्वस्त होता आणि त्यात 'ब' जीवनसत्त्वे भरपूर असतात हे माहीत होते. माकड सुधारले. मग तोच अर्क रुग्ण बायांना देण्यात आला. चौथ्या दिवसाच्या सुमारास रक्तात कोवळ्या लाल पेशींची लाट आली, भूक परतली, आणि ज्यांची आशा सोडली होती त्या उठून बसल्या. जून १९३१ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विल्स यांनी हे प्रसिद्ध केले.

यीस्टमध्ये नेमके काय आहे हे त्यांना कळले नव्हते. काय नाही, हे मात्र त्यांनी चिकाटीने ठरवले. ते 'अ' जीवनसत्त्व नव्हते, 'क' नव्हते. १९३७ मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट त्यांनी दाखवली. यकृताचा कच्चा अर्क या रुग्णांना बरे करतो, पण शुद्ध केलेला अर्क, जो खऱ्या पर्निशस अ‍ॅनिमियावर रामबाण ठरत होता, तो इथे चालत नाही. म्हणजे यकृतात दोन निरनिराळे पदार्थ आहेत. आज आपण जाणतो की एक बी-१२ आणि दुसरा फॉलिक आम्ल. तेव्हा त्या दुसऱ्याला 'विल्स फॅक्टर' असे म्हटले जाऊ लागले.

पुढचा टप्पा अमेरिकेत. १९४१ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालक कुटून, गाळून त्यातून एक पदार्थ थोड्याशा प्रमाणात वेगळा केला. पान या अर्थाच्या 'फोलियम' या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव दिले. चार टनांतल्या त्या कणभर पदार्थाचा माग कसा लागला? त्यासाठी एका जीवाणूचीच तराजूसारखी मदत घेतली होती. हा पदार्थ मिळाला तरच तो जीवाणू वाढे. तेव्हा ज्या भांड्यात वाढ जास्त, त्या भांड्यात पदार्थ जास्त. १९४५ मध्ये लेडर्ली प्रयोगशाळेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले. तिथल्या संशोधनाची सूत्रे आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. भारतात सुरू झालेल्या या शोधात एक भारतीय अशा दूरच्या वाटेने पुन्हा आला.

याच सुमारास आतड्यातल्या जीवाणूंची बाजूही पालटली. १९४० मध्ये डोनाल्ड वुड्स यांनी दाखवले की सल्फा औषधे जीवाणूंना एक प्रकारे फसवतात. पॅरा-अमिनोबेंझॉइक आम्ल हा जीवाणूंना लागणारा कच्चा माल. सल्फाचा रेणू दिसायला त्याच्यासारखाच. जीवाणू चुकीचा माल उचलतो आणि त्याचे काम थांबते. या कच्च्या मालापासून जीवाणू फॉलिक आम्ल बनवतात, हे त्यानंतर उलगडले. आपल्याला ते बनवता येत नाही, म्हणून तर सल्फा औषध जीवाणूंना बाधते आणि आपल्याला तितके बाधत नाही. आता गंमत पाहा. शुद्ध केलेल्या आहारावर ठेवलेल्या उंदरांना सल्फा दिले, तर त्यांच्या रक्तातल्या पेशी घटत, आणि यकृताचा अर्क किंवा फॉलिक आम्ल दिले की ते सुधारत. उंदरांना औषधाची थेट बाधा झाली नव्हती. त्यांच्या आतड्यातले जीवाणू त्यांना फॉलिक आम्ल पुरवत होते, तो पुरवठा बंद पडला होता! विल्स यांनी ज्यांच्यावर संशय घेतला ते या उंदरांचे आचारी निघाले. माणसातही असे होते का, हे ठरवायला फार वेळ लागला. आपल्या मोठ्या आतड्यातूनही हे जीवनसत्त्व रक्तात शिरू शकते, हे खूण केलेले रेणू तिथे थेट सोडून टोरांटोच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले. या वाटेने आपल्याला नेमके किती मिळते हा वेगळा प्रश्न. जेवणाला तो पर्याय नाही एवढे मुंबईच्या बायांनी सिद्धच केले होते.

रक्त आणि बाळाचा मेंदू यांचा संबंध काय, असे विद्यार्थी विचारतील. तो पेशीविभाजनात आहे. पेशी दुभंगण्यापूर्वी तिला आपल्या डीएनएची दुसरी प्रत काढावी लागते आणि त्यातले थायमिन हे अक्षर घडवायला फॉलिक आम्ल लागते. अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास लाल पेशी तयार होतात. अक्षरांचा तुटवडा पडला की पेशी वाढत राहते पण वेळेवर दुभंगत नाही; म्हणून ती मोठी दिसते आणि संख्या घटते. शरीरात अशीच घाई आणखी एका ठिकाणी असते, ते म्हणजे गर्भात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींची एक पट्टी असते. तिच्या कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि जुळून नळी बनते. पोळीची सुरळी करावी तशी. हीच चेतानलिका; तिच्या वरच्या टोकाचा मेंदू होतो, उरलेल्याचा मज्जारज्जू. गर्भधारणेनंतर अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ती बंद व्हायला हवी. खालचा भाग उघडा राहिला तर मूल पाठीच्या कण्यात फट घेऊन जन्मते आणि अनेकदा पायांतली शक्ती गमावते. वरचे टोक उघडे राहिले तर मेंदू घडतच नाही. असे मूल जगत नाही.

अठ्ठावीस दिवस हा आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहावा असा आहे. पाळी चुकून दोन आठवडे होतात न होतात तोच ही नळी मिटलेली असते. बाईला दिवस गेल्याची खात्री होऊन ती दवाखान्यात नाव नोंदवेपर्यंत या बाबतीतला निकाल लागून गेलेला असतो.

लिव्हरपूलचे बालरोगतज्ज्ञ रिचर्ड स्मिथेल्स आणि त्यांच्या सहकारी एलिझाबेथ हिबर्ड यांनी १९६५ मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिले की व्यंग असलेली मुले झालेल्या मातांमध्ये फॉलिक आम्लाचे चयापचय बिघडलेले असण्याचे प्रमाण बरेच जास्त दिसते. (लुसी विल्स त्याच्या आदल्याच वर्षी, १६ एप्रिल १९६४ रोजी वारल्या.) स्मिथेल्स यांनी मग ज्यांना पूर्वी असे मूल झाले होते अशा बायांना पुढच्या गर्भधारणेच्या आधीपासून जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. १९८० मध्ये त्यांनी आकडे मांडले : गोळ्या घेतलेल्या १७८ जणींपैकी एकीच्या बाळात दोष, न घेतलेल्या २६० जणींपैकी तेरा जणींच्या. फरक ढळढळीत आहे. पण वाद झाला. गोळ्या घ्यायला वेळेवर येणाऱ्या बाया मुळातच अधिक जागरूक, बऱ्या स्थितीतल्या असतील तर? स्मिथेल्स यांना चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे होते, पण काहींना मुद्दाम गोळी न देणे नीतीला धरून नाही असे रुग्णालयांच्या समित्यांनी ठरवले होते. त्यामुळे पुरावा अर्धवट राहिला, आणि तो पुरा करण्यासाठी पुढे पुन्हा तोच प्रयोग अधिक मोठ्या प्रमाणात करावा लागला.

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने निकोलस वॉल्ड यांच्या नेतृत्वाखाली १९८३ मध्ये तो सुरू केला. सात देशांतली ३३ केंद्रे, १८१७ स्त्रिया, चिठ्ठ्या टाकून केलेले चार गट. एप्रिल १९९१ मध्ये तो मध्येच थांबवावा लागला, कारण पुढे चालवणे अन्यायाचे ठरले असते. निकाल लागलेल्या ११९५ गर्भारपणांत २७ बाळांना चेतानलिकेचा दोष होता : फॉलिक आम्ल मिळालेल्या गटांत ६, न मिळालेल्या गटांत २१. इतर जीवनसत्त्वांनी काही फरक पडला नाही. भारतातही असा प्रयोग चालू होता; ब्रिटनचा निकाल येताच तोही आवरता घेतला गेला. १९९२ मध्ये हंगेरीतल्या चाचणीने दाखवले की पूर्वी असे मूल न झालेल्या स्त्रियांनाही हे संरक्षण मिळते. १९९८ पासून अमेरिकेत पिठात फॉलिक आम्ल मिसळणे सक्तीचे झाले. मुंबईतल्या यीस्टच्या अर्कापासून इथवर यायला साठाहून अधिक वर्षे लागली. १९८० ते १९९१ या काळात, गोळी बहुधा उपयोगी आहे असे ठाऊक असताना ती न मिळालेल्या मातांबद्दल काय म्हणावे? अकरावी-बारावीच्या वर्गात हा प्रश्न जरूर टाकावा. आमच्यातच यावर एकमत नाही.

मेंदूचा विचार नळी मिटण्यापाशी थांबत नाही. २०२० मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हेलन व्हुआंग आणि इलेन शियाओ यांनी 'नेचर'मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाभण मादीच्या आतड्यात जीवाणूच नसतील, तर गर्भाच्या मेंदूत थॅलॅमसकडून मेंदूच्या बाह्यस्तराकडे जाणारे तंतू नीट वाढत नाहीत आणि पुढे पिलांची स्पर्शाची जाण कमी पडते. काही ठरावीक जीवाणू किंवा त्यांच्यामुळे रक्तात येणारे काही पदार्थ आईला दिले, की हा दोष टळतो. म्हणजे जीवाणू गर्भापर्यंत न जाताही त्यांची रसायने जातात. हे उंदरांत आहे. यावरून गरोदर बाईला अमुक दही, तमुक जीवाणूंची पुडी विकणाऱ्यांच्या जाहिराती वाचताना विल्स यांच्या उंदरांच्या उवा आठवाव्यात.

आपल्या जवळचे काम पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला आणि त्यांच्या मुलांना पुढे वर्षानुवर्षे तपासले. ज्या बाया पालेभाज्या, फळे, दूध अधिक वेळा घेत त्यांची बाळे जन्मतः थोराड होती. रक्त तपासल्यावर मात्र वेगळेच दिसले. फॉलिक आम्ल कमी असलेली बाई एकच. बी-१२ कमी असलेल्या दोन-तृतीयांश! बी-१२ वनस्पतीत नसते, ते फक्त जीवाणू बनवतात आणि आपल्याला प्रामुख्याने दूध, अंडी, मांस यांतून मिळते. आपल्या मोठ्या आतड्यातले जीवाणूही ते बनवतात, पण ते शोषून घेण्याची जागा त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटी आहे. गाडी निघून गेल्यावर पोहोचलेल्या टपालासारखी ही गत. (वेल्लोरच्या संशोधकांनी १९८० मध्ये दाखवले की काहींच्या लहान आतड्यातही असे जीवाणू असतात. दूध फारसे न मिळणारे शाकाहारी लोक कसे तग धरतात, याचे थोडे उत्तर तिथे असू शकेल.) गरोदरपणी बी-१२ कमी असलेल्या या बायांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर एकाग्रतेच्या आणि तात्पुरत्या स्मरणाच्या काही चाचण्यांत मागे पडलेली आढळली. आणि बी-१२ कमी पण फॉलिक आम्ल भरपूर अशा मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. विल्स यांनी वेगळे केलेले ते दोन पदार्थ शरीरात जोडीने काम करतात; एकच वाढवत गेले तर दुसऱ्याची उणीव झाकली जाते.

त्याच गावांतली मुले सतरा वर्षांची झाल्यावर, २०१२ मध्ये, पुण्याच्या गटाने चिठ्ठ्या टाकून त्यांना बी-१२ च्या गोळ्या द्यायला सुरुवात केली, लग्नाच्या आणि गर्भधारणेच्या आधीपासून. केवळ बी-१२ मिळालेल्या मुलींची बाळे दोन वर्षांची झाली तेव्हा विकासाच्या चाचण्यांत काहीशी सरस दिसली. तपासलेल्या बाळांची संख्या लहान आहे.

आपल्या हातातल्या निळ्या गोळीत बी-१२ नाही. आणि फॉलिक आम्लाचेही एक सांगायला हवे. चेतानलिकेच्या रक्षणासाठी गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावे असा सल्ला आहे. आठवड्यातून एकदाच गोळी द्यायची झाली तर तीत २८०० असावे, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आपली गोळी आठवड्याला ५०० देते. रक्तक्षयासाठी ती दिली जाते आणि त्या कामाची ती आहे. तेव्हा बारावीतली एखादी मुलगी किंवा तिची लग्न ठरलेली बहीण विचारील, की हीच गोळी पुढे पुरेल का, तर 'नाही, लग्नाआधी आरोग्य केंद्रात जाऊन रोजच्या गोळीबद्दल विचार' असे तिला सांगता येईल.